अनियमित ठोके, नियमित गोळी

पाश्चात्त्य वैद्यकीय पुस्तकांत भेटणारा एट्रियल फिब्रिलेशनचा रुग्ण साधारण सत्तरीचा असतो. रक्तदाब जुना, वजन वाढलेले, रात्री घोरण्याची तक्रार. आपल्याकडचा रुग्ण बराचसा वेगळा आहे. इंडियन हार्ट ऱ्हिदम सोसायटीने २०११-१२ मध्ये देशातल्या २४ केंद्रांतून १५३७ रुग्णांची नोंद ठेवली, तेव्हा सरासरी वय निघाले ५४.७ वर्षे. त्यांत बायका निम्म्याहून किंचित जास्त, आणि ४७.६ टक्के रुग्णांच्या हृदयाच्या झडपा लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने खराब झालेल्या. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ४७ देशांच्या पाहणीतही हीच तफावत दिसली. झडपांचा हा आजार असलेले रुग्ण उत्तर अमेरिकेत २.२ टक्के, तर भारतात ३१.५ टक्के. दोन्ही नोंदी रुग्णालयांतल्या आहेत, गावोगावी फिरून केलेल्या नाहीत, त्यामुळे आकडे पुढेमागे होतील. कल मात्र स्पष्ट आहे.

दवाखान्यात या आजाराला सगळे ‘एएफ’ म्हणतात. इथेही तेच नाव वापरू. एएफवर आज जे लिहिले-बोलले जाते, त्यात मनगटावरची घड्याळे, कॅथेटरने केलेले उपचार आणि नवी औषधे यांचा बोलबाला असतो. ते सगळे खरे आहे, कामाचेही आहे. पण चुकलेल्या ठोक्याइतके लक्ष त्यातून होणाऱ्या गुठळीकडे जात नाही, आणि माणूस कायमचा अधू होतो तो बहुधा गुठळीमुळे.

आधी बिघाड कुठे होतो ते पाहू. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. तिथून मिनिटाला ६० ते १०० वेळा विजेची लहर निघते, वरचे दोन कप्पे म्हणजे कर्णिका आकुंचन पावतात, आणि मग लहर खालच्या जवनिकांकडे जाते. एएफमध्ये कर्णिकांत मिनिटाला ३५० ते ६०० लहरी इतस्ततः फिरत असतात. स्नायू एकदिलाने आवळला जात नाही, नुसता थरथरतो. या सगळ्या लहरी खाली पोहोचल्या असत्या तर माणूस जागीच गेला असता. मधला एव्ही नोड टोलनाक्यासारखा काम करतो: बहुतेक लहरी अडवतो, काही सोडतो. सोडण्याला कसलाही क्रम नसतो, म्हणून नाडी वेडीवाकडी चालते, उपचार नसतील तर मिनिटाला १००-१६०च्या वेगाने.

यातून दोन गोष्टी होतात. पहिली म्हणजे दम लागतो. जवनिका भरण्यासाठी कर्णिकांनी दिलेला शेवटचा रेटा नाहीसा होतो आणि वेग वाढल्यामुळे भरायला वेळही कमी मिळतो. निरोगी हृदय हे बरेच दिवस सोसते. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप अरुंद असेल तर सोसत नाही. मागे रक्त तुंबते ते थेट फुप्फुसांत. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, ठोके वाढतात, आणि तोवर घरातली सगळी कामे करणारी विशीतली मुलगी एकाएकी रात्री उठून बसते. ‘अशक्तपणा असेल’ म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू होतात. झडपेचा आजार असा गरोदरपणात उघडकीला येणे आपल्याकडच्या डॉक्टरांना नवे नाही.

दुसरी गोष्ट गुठळीची. डाव्या कर्णिकेला कानाच्या पाळीच्या आकाराची एक चिंचोळी पिशवी असते. कर्णिका थरथरत राहिली की या पिशवीत रक्त साकळते, गोठते. गुठळी सुटली की महारोहिणीतून बऱ्याचदा मेंदूकडे जाते आणि मोठी असल्यामुळे मोठी वाहिनी बंद करते. एएफमुळे होणारा पक्षाघात म्हणूनच इतरांपेक्षा अधिक जीवघेणा, अधिक अपंग करणारा ठरतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या दीर्घ अभ्यासातून १९७८ साली आकडे आले: झडपांचा आजार नसलेल्या एएफमध्ये पक्षाघाताचा धोका पाचपट, संधिवाताच्या झडपेसह असलेल्या एएफमध्ये सतरापट. पाच हा आकडा जगभर पाठ झाला. सतरा मागे पडला, कारण ज्या देशांत संशोधनाला पैसा होता तिथून तो आजारच हटत चालला होता.

निदान तसे सोपे आहे आणि तरीही सुटते. धडधड, छातीत फडफड, चालताना धाप, गळून गेल्यासारखे वाटणे या तक्रारी असतात. पण कित्येकांना काहीच जाणवत नाही आणि पहिले लक्षण म्हणून थेट तोंड वाकडे होते. मनगटावर तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली तर पुष्कळ कळते. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे फसवते. नाडीचे अंतरही बदलते आणि जोरही: एक ठोका ठसठशीत, पुढचे दोन लगोलग, मग एखादा हातालाच लागत नाही. जुने डॉक्टर स्टेथोस्कोप छातीवर ठेवून दुसऱ्या हाताने नाडी धरत आणि दोन्ही आकड्यांतला फरक कागदावर लिहीत. छातीत ११२ आणि मनगटावर ८८ असेल तर मधले २४ ठोके इतके पोकळ होते की हातापर्यंत पोहोचलेच नाहीत. या तपासणीला पैसे लागत नाहीत, दोन मिनिटे लागतात, आणि गर्दीच्या ओपीडीत तीच मिळत नाहीत.

घरोघरी असलेल्या रक्तदाबाच्या डिजिटल यंत्रावर ठोके अनियमित वाटले की हृदयाचे छोटे चिन्ह लुकलुकते. बहुतेक घरांत ते चिन्ह यंत्राचा बिघाड समजून दुर्लक्षिले जाते. ते वारंवार दिसत असेल तर ईसीजी काढावा, एवढे साधे आहे. शिक्कामोर्तब ईसीजीवरच होते: प्रत्येक ठोक्याआधीची पी लहर गायब, आधाररेषा थरथरती, ठोक्यांमधली अंतरे बेभरवशाची. एका तारेच्या पट्टीवर हे किमान ३० सेकंद दिसायला हवे.

अडचण येते ती येऊन-जाऊन असणाऱ्या एएफची. दवाखान्यात पोहोचेपर्यंत हृदय ताळ्यावर आलेले असते. अशा वेळी २४ तास ईसीजी नोंदवणारा होल्टर किंवा त्याहून लांब चालणारे यंत्र लावतात. घड्याळांची बाजू इथे मांडली पाहिजे. अ‍ॅपलच्या घड्याळावर अमेरिकेत झालेल्या अभ्यासात चार लाखांवर लोक सहभागी होते. त्यांतल्या फक्त ०.५२ टक्के लोकांना अनियमित नाडीची सूचना आली. सूचना मिळालेल्यांपैकी ज्यांनी नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांच्यातल्या ३४ टक्क्यांत एएफ सापडले. म्हणजे घड्याळ उगाच ओरडत नाही. प्रश्न पुढचा आहे: घड्याळाने किंवा पेसमेकरने पकडलेल्या, माणसाला न जाणवणाऱ्या, काही मिनिटांच्या एएफला रक्त पातळ करण्याची गोळी द्यायची का? २०२३ मध्ये याच प्रश्नावर दोन मोठ्या चाचण्या आल्या. एकीत फायदा दिसला नाही, रक्तस्राव वाढला. दुसरीत पक्षाघात कमी झाले आणि रक्तस्राव तिथेही वाढला. निर्णय रुग्ण पाहूनच करावा लागतो. पंचविशीतल्या धडधाकट तरुणाने घड्याळाच्या सूचनेवरून गोळ्या सुरू कराव्यात, असे कुणीही म्हणत नाही.

एएफ सापडले की थायरॉइड, मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन, क्षार आणि हिमोग्लोबिन तपासतात, आणि टू-डी इको करतात. त्यातल्या इकोबद्दल माझा आग्रह आहे. पुढची गोळी कोणती, हे झडप ठरवते. इको न पाहता औषध लिहून देणे भारतात तरी धोक्याचे आहे.

कारण आता मुख्य मुद्दा येतो. झडप अरुंद नसलेल्या रुग्णात पक्षाघाताचा धोका गुणांनी मोजतात. हृदयाची कमजोरी, रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा आजार, ६५ ते ७४ वय यांना प्रत्येकी एक गुण. पंचाहत्तरी ओलांडली किंवा आधी पक्षाघात झाला असेल तर दोन-दोन. पूर्वी स्त्री असण्यालाही एक गुण होता. युरोपच्या २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी तो काढून टाकला. दोन गुण झाले की गोळी हवीच, एक असेल तर विचार करायचा. मायट्रल झडप मध्यम किंवा जास्त अरुंद असेल, किंवा धातूची कृत्रिम झडप असेल, तर गुण मोजायचेच नाहीत; गोळी द्यायची.

आणि गोळी म्हणजे अ‍ॅस्पिरिन नव्हे. हे ठळक सांगावे लागते, कारण ‘रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे’ असे सांगणाऱ्या कितीतरी आजोबांच्या डबीत अ‍ॅस्पिरिनच निघते. हृदयविकाराच्या झटक्यात ती उपयोगी आहे, कर्णिकेतल्या गुठळीवर तिचा फारसा इलाज चालत नाही. २०११ मध्ये अ‍ॅव्हेरॉस चाचणीत अ‍ॅपिक्साबॅन आणि अ‍ॅस्पिरिन यांची गाठ घातली. अ‍ॅपिक्साबॅनने पक्षाघात निम्म्याहून कमी झाले आणि मोठा रक्तस्राव जवळपास सारखाच राहिला. ‘म्हातारपणी जोराची गोळी नको, सौम्य देऊ’ हा युक्तिवाद तेव्हाच निकालात निघायला हवा होता.

खऱ्या गोळ्यांची पहिली पिढी वॉर्फरिनची. तिचा जन्म गोठ्यात झाला. १९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत सडलेले स्वीट क्लोव्हर गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. १९३३च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि न गोठणाऱ्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत धडकला. लिंकच्या चमूने त्यातला दोषी पदार्थ वेगळा काढला, त्याच्या वंशातले वॉर्फरिन आधी उंदीर मारायला विकले गेले, १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर दिले गेले. आपल्याकडे त्याच्याच कुळातले अ‍ॅसिनोकूमारॉल अधिक चालते. रुग्ण त्याला ब्रँडच्या नावाने अ‍ॅसिट्रॉम म्हणून ओळखतात.

या औषधाची खोड अशी की डोस माणसागणिक वेगळा आणि एकाच माणसात महिन्यागणिक वेगळा. आयएनआर नावाची रक्ततपासणी करून तिचा आकडा २ ते ३च्या मध्ये ठेवायचा असतो. खाली गेला तर गुठळी, फार वर गेला तर रक्तस्राव. रुग्णाच्या कागदावर ‘सोम-बुध-शुक्र एक, बाकी दिवस अर्धी’ असे लिहिलेले असते. ज्या बाईला अक्षर लागत नाही ती गोळ्या वारानुसार रंगीत कागदात बांधून ठेवते. हा उपाय कित्येकदा वॉर्डातल्या सिस्टरनीच शिकवलेला असतो. मेथी, पालक, अळू, शेपू यांतले के जीवनसत्त्व या औषधाच्या उलट काम करते. त्यावरून ‘पालेभाजी बंद’ असा फतवा निघतो, तो चुकीचा आहे. पालेभाजी खावी, फक्त रोजच्या मानाने साधारण सारखी खावी. श्रावणात एकदम वाढवू नये. जास्त घोटाळा औषधांनी होतो. जुलाबासाठी घेतलेले मेट्रोनिडाझोल, ताप-अंगदुखीसाठी दुकानातून आणलेली वेदनाशामके, हृदयासाठीच दिलेले अमिओडारोन आणि घटक न छापलेली चूर्णे आयएनआर कुठच्या कुठे नेतात. त्यातून आयएनआरसाठी तालुक्याला जायचे म्हणजे एक रोज बुडतो, एसटीचे भाडे वेगळे. मग तपासणी लांबते. गोळी सुरू राहते, आकडा मात्र कुणालाच माहीत नसतो.

म्हणूनच २००९ ते २०११च्या दरम्यान डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबॅन, अ‍ॅपिक्साबॅन या नव्या गोळ्यांच्या चाचण्या आल्या, तेव्हा सुटकेचा निःश्वास टाकला गेला. ठरलेला डोस, आयएनआर नाही, पालेभाजीचे पथ्य नाही, आणि मेंदूतला रक्तस्राव वॉर्फरिनपेक्षा कमी. पेटंट संपून देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्यावर किमतीही उतरल्या. झडप नीट असलेल्या रुग्णासाठी आज याच गोळ्या पहिल्या पसंतीच्या. फक्त त्या विसराळूपणा खपवून घेत नाहीत. वॉर्फरिनचा असर काही दिवस रेंगाळतो. यांचा एक-दोन दिवसांत ओसरतो. मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून लागते आणि रिव्हारोक्साबॅन जेवणाबरोबरच घ्यावे लागते.

झडपवाल्या रुग्णांचे काय? सगळ्यांची अटकळ होती की नव्या गोळ्या तिथेही सरस ठरतील, निदान आयएनआरची कटकट तरी जाईल. इन्व्हिक्टस चाचणी त्यासाठीच झाली: आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेतले २४ देश, साडेचार हजारांवर रुग्ण, सरासरी वय पन्नाशीचे, चारात जवळपास तीन स्त्रिया. तेव्हा दिल्लीच्या एम्समध्ये असलेले गणेशन कार्तिकेयन तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. ऑगस्ट २०२२ मध्ये निकाल आला तो उलटा. रिव्हारोक्साबॅन घेणाऱ्यांत मृत्यू जास्त झाले. जुन्या, कटकटीच्या गोळीने माणसे अधिक जगवली, तीही रक्तस्राव न वाढवता. असे का झाले याची चर्चा संपलेली नाही. आयएनआरसाठी दर महिन्याला कुणीतरी रुग्णाला तपासते, यातच त्याचे अर्धे उत्तर असावे, असे मला वाटते. धातूच्या झडपेबाबत तर शंकाच नको: तिथे डॅबिगाट्रानची चाचणी गुठळ्या आणि रक्तस्राव दोन्ही वाढल्याने मधेच थांबवावी लागली. थोडक्यात, शहरातल्या नातेवाइकाच्या सल्ल्याने ‘नवी, चांगली’ गोळी परस्पर बदलणे झडपवाल्या रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

रक्तस्रावाची भीती खोटी नाही. पण ‘आजी पडतात, म्हणून गोळी नको’ हे कारण बहुतेक वेळा टिकत नाही. पडण्यातून मेंदूत रक्तस्राव होण्यापेक्षा गुठळीतून पक्षाघात होण्याची शक्यता सहसा जास्त असते. रक्तदाब आटोक्यात ठेवणे, वेदनाशामके टाळणे, दारू सोडणे यांनी रक्तस्राव घटवता येतो. गोळी कशानेच चालत नसेल तर डाव्या कर्णिकेची ती पिशवी आतून बंद करण्याचे उपकरण मिळते. महाग आहे आणि मोजक्यांसाठी आहे.

आता ठोक्याकडे येऊ. दोन मार्ग आहेत: एएफ राहू द्यायचे आणि वेग आवरायचा, किंवा ताल परत आणायचा. वेगासाठी बीटा-ब्लॉकर, डिल्टियाझेम, डिगॉक्सिन. २००२ साली चार हजार रुग्णांवरच्या अफर्म चाचणीत दोन्ही मार्गांनी आयुर्मान सारखेच निघाले आणि डॉक्टरांनी तालाचा नाद बराचसा सोडला. २०२० मध्ये ईस्ट-एएफनेट ४ या चाचणीने तराजू पुन्हा हलवला: निदानानंतर वर्षभराच्या आत ताल आणायचा प्रयत्न केला तर मृत्यू, पक्षाघात आणि हृदयाची कमजोरी यांचे एकत्रित प्रमाण सुमारे पाचव्या हिश्शाने घटले. एएफ जितके जुने, तितका ताल परत येणे कठीण.

तालाच्या औषधांचा इतिहास एका रुग्णाने सुरू केला, हे मला नेहमी गमतीचे वाटते. १९१२ साली वेंकेबाख या डच डॉक्टरकडे ईस्ट इंडीजमध्ये व्यापार केलेला एक गृहस्थ आला आणि म्हणाला, नाडी बिघडली की मी क्विनाइन घेतो, बरे वाटते. डॉक्टरांचा विश्वास बसेना. तो दुसऱ्या दिवशी सरळ नाडी घेऊनच हजर झाला. त्यातून क्विनिडीन आले. आज आपल्याकडे सर्रास दिले जाते ते अमिओडारोन. स्वस्त, परिणामकारक, आणि थायरॉइड, यकृत, फुप्फुसे यांना त्रास देणारे. वर्षानुवर्षे ते चालू आहे आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी कधी केलेली नाही, असे कागद पाहायला मिळतात. ते योग्य नव्हे. विजेचा शॉक देऊनही ताल आणतात, पण एएफ नेमके कधी सुरू झाले हे माहीत नसेल तर आधी तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी, किंवा अन्ननलिकेतून इको करून गुठळी नसल्याची खात्री हवी, आणि नंतर किमान चार आठवडे गोळी.

कॅथेटरने केल्या जाणाऱ्या अ‍ॅब्लेशनची वाट १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दोच्या मिशेल हैसागेर यांनी दाखवली. एएफ पेटवणारे बहुसंख्य ठिपके फुप्फुसांतून येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी सापडले. तिथला स्नायू उष्णतेने, थंडीने किंवा अलीकडे विद्युत-स्पंदांनी वेगळा करतात. येऊन-जाऊन एएफ असलेल्या, त्रास होणाऱ्या रुग्णाला यातून उत्तम आराम मिळतो. हृदय कमजोर असलेल्या निवडक रुग्णांत मृत्यूही घटल्याचे २०१८ मध्ये दिसले. सरसकट सगळ्यांचे आयुष्य वाढते, हे मात्र २०१९च्या कबाना चाचणीत सिद्ध झाले नाही. अ‍ॅब्लेशन झाले म्हणून गोळी आपोआप सुटत नाही. ती गुणांवर ठरते. आणि झडप अरुंद असेल तर आधी फुग्याने झडप मोकळी करण्याचा विचार हवा.

वजनाबद्दल एकच सांगतो. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडच्या प्रशांतन सँडर्स यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवले की दहा टक्के वजन उतरवून टिकवणाऱ्या स्थूल रुग्णांत एएफपासून मुक्त राहण्याची शक्यता सहापट होती. दारू कमी करणे, रक्तदाब आणि झोपेतला श्वासरोध यांवर उपचार हेही त्यातच आले.

झडपेच्या आजाराचे मूळ तर शाळकरी वयातल्या घसादुखीत आहे. एकदा संधिवाताचा ताप येऊन गेला की दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. ते दुखते, मूल रडते, परीक्षा येते, इंजेक्शन चुकते. वीस वर्षांनी तेच मूल एएफ घेऊन दवाखान्यात येते.

ज्यांच्या घरात रक्त पातळ करण्याची गोळी सुरू आहे त्यांना एक विनंती. दात काढायचा असो, मोतीबिंदूचे ऑपरेशन असो की घरचे लग्न, गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नका. दाताच्या साध्या कामासाठी ती बहुधा थांबवावी लागतच नाही. थांबवायची वेळ आलीच तर किती दिवस आणि पुन्हा कधी सुरू, हे गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांकडून कागदावर घ्या. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर उतरेल म्हणून वाट न पाहता १०८ला फोन करा, आणि रुग्णालयात पोहोचताच पहिल्या वाक्यात सांगा की कोणती गोळी चालू आहे आणि शेवटची किती वाजता घेतली.